आठ वाक्यं घेऊन देवणीला

देगलूरला मी याआधी कधी गेले नव्हते. आमचं गाव मुरुड, लातूर जिल्ह्यातलं. आमची माणसं कामाला लातूरला जातात, फार तर बार्शीला. नांदेडला शिकायला गेलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे जानेवारीतला हा दोन दिवसांचा प्रवास नकाशावर लहान असला तरी मला लांबचा वाटला. तो लिहावा की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. का ते शेवटी येईल.

नांदेड, मंगळवार

मी इंग्रजीत एम.ए. करते. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी देगलूरच्या गफूर मास्तरांच्या गोष्टींचा इंग्रजीत अनुवाद केला. मास्तर म्हणजे शिक्षक नव्हे, शिंपी. चाळीस वर्षं कपडे शिवता शिवता त्यांनी मराठीत नऊ गोष्टी लिहिल्या आणि लातूरच्या बिराजदार सरांनी आपल्या छोट्याशा प्रकाशनातून त्यांचं पुस्तक काढलं. सरांनीच माझा अनुवाद परदेशातल्या एका मोठ्या पुरस्काराला पाठवला. त्या पुरस्काराच्या नियमांत पहिलं वाक्य असं होतं की जगातल्या कोणत्याही भाषेतलं पुस्तक चालेल. तिसरं वाक्य असं होतं की ते इंग्रजीतून यावं.

पुस्तक पहिल्या चाळणीतून पुढे गेलं. सोबत त्यांच्या वाचकाचा शेरा आला, तो शेवटच्या गोष्टीवर होता. त्या गोष्टीत मोहरमची सवारी गावातून निघते. सवारी म्हणजे रंगीत कापडांनी सजवलेला पिराचा पंजा. एक जण तो धरून चालतो आणि मागे सगळं गाव. एका शेतकऱ्याच्या दारात सवारी थांबते. घरची बाई तांब्याच्या घागरीतून सवारी धरणाऱ्याच्या पायांवर पाणी घालते. सवारी पुढे जाते. गोष्ट संपते.

शेरा असा होता: या भागातल्या दोन धर्मांमधला तणाव कथेत दिसत नाही. ही हिंदू स्त्री असं का करते हे वाचकाला समजत नाही. प्रसंग गोड आहे, पण पटत नाही. खुलासा मिळाल्यास पुढे विचार करू.

मी एका संध्याकाळी आठ वाक्यं लिहिली. त्या बाईच्या भावाला दंगलीत शेजारच्या मुसलमान कुटुंबानं आपल्या बळदात, म्हणजे धान्याच्या कोठारात, लपवून वाचवलं होतं आणि म्हणून ती दरवर्षी पाणी घालते, असं. बाकी अनुवादात एकेका ओळीवर माझा दिवस गेला होता. ही आठ वाक्यं इंग्रजीत आपोआप आली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मला आनंद झाला. सरांना फोनवर वाचून दाखवली तर ते म्हणाले, "आता पटतंय."

कोणत्याही बदलाला लेखकाची सही लागते. छापील अर्ज इंग्रजीत होता. मास्तरांना इंग्रजी येत नाही आणि त्यांचा फोन बटणांचा. सही झालेला अर्ज बुधवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत लातूरहून सरांच्या संगणकावरून पाठवायचा होता.

"मास्तरांचा तुझ्यावर विश्वास आहे, वर्षा," सर म्हणाले. "सही घे आणि सरळ लातूरला ये."

देगलूर, मंगळवार संध्याकाळ

ज्यांनी देगलूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इथून तेलंगण जवळ आहे आणि कर्नाटकही. बाजारात मिरच्या निवडणारी बाई तेलुगूत भाव विचारते, विकणारा मराठीत सांगतो, आणि दोघं भांडतात ते दखनी उर्दूत. मला हे पाहताना मजा वाटली आणि थोडी भीतीही वाटली. मुरुडला आम्ही एकच भाषा बोलतो आणि नांदेडच्या वर्गात मला तीही नीट येत नाही असं वाटत राहतं.

मास्तरांचं दुकान दोन मशीनचं. आजवर आमचं बोलणं फोनवरच झालं होतं. मी पोचले तेव्हा ते एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलत होते. ते संपवून माझ्याकडे वळले.

"आलीस बेटा. बस. एवढी बाही लावून घेतो."

मी फाइल काढली. अर्ज पुढे ठेवला. सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी कानामागची पेन्सिल ठेवून खिशातला पेन काढला.

"मास्तर, आधी वाचून दाखवते."

"तू वाचलंस न्हवं?"

"हो."

"मग झालं की. मी माप घेतल्यावर तू टेप तपासतीस का?"

ते हसले. पेन कागदावर टेकला. माझ्या मनात आलं, आता गप्प बसलं तर दहा सेकंदांत काम होईल. सहाची बस मिळेल. हे मी लपवत नाही, तसं मनात आलं होतं.

"मास्तर, त्यात मी आठ वाक्यं घातलीत. तुम्ही न लिहिलेली."

त्यांनी पेन उचलला. "सांग."

इंग्रजी वाक्यांचं मी तिथल्या तिथं मराठी करत गेले. इंग्रजीत ती चांगली वाटत होती. त्या दुकानात, समोर हँगरला शाळेचे गणवेश टांगलेले असताना, ती मला स्वतःलाच ऐकवेनात. चौथ्या वाक्यानंतर माझा आवाज बारीक झाला.

"कुठली दंगल?" मास्तरांनी विचारलं.

"अशीच. साल लिहिलेलं नाही."

"कुठल्या गावात?"

"तुमच्या गोष्टीतल्या."

मास्तर बराच वेळ बाहीची शिवण उसवत बसले. बरोबर लागलेली होती ती. मग म्हणाले, "ते गाव खरं हाय, बेटा. देवणीजवळ, माझं आजोळ. ती बाईबी खरी हाय. भागाक्का. अजून पाणी घालती."

गोष्ट म्हणजे कल्पना, असं मी धरून चालले होते. मोहरमची सवारी मी लहानपणी मुरुडला पाहिली होती, पण गच्चीवरून. ती दुसऱ्या गल्लीतून जायची आणि आई खाली जाऊ द्यायची नाही. खाली दारात काय चालतं हे मला माहीत नव्हतं, आणि तरी मी त्याचं कारण लिहून दिलं होतं.

"सर चिडतील," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

"चिडू दे. उद्या पहिल्या गाडीनं जाऊ. भागाक्कालाच विचार. ती हो म्हणली तर मी डोळे झाकून सही करतो."

"साडेपाचला लातूर गाठायचंय."

"गाठू की. मी दिवाळीच्या आदल्या दिवशी वीस ब्लाउज दिलेला माणूस हाय."

देवणीकडे, बुधवार

रात्री मी मास्तरांच्याच घरी राहिले. त्यांच्या बायकोनं, चाचींनी, पहाटेच उठून खिचडी आणि खट्टा केला होता. मसुराची पिवळी खिचडी आणि त्यावर चिंच-तिळाचं आंबट पातळ कालवण. आमच्याकडे सकाळी असं कुणी खात नाही. मी दोनदा घेतलं. पोटात भीती असली की मला भूक लागते.

उदगीरच्या गाडीत मास्तर खिडकीशी बसले. बाहेर ज्वारी कणसावर आली होती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तू जी इंग्रजी पुस्तकं वाचतीस, त्यात सगळं कळतं का?"

"नाही. बर्फ पडतो, मी पाहिलेलाच नाही. नाताळात झाड तोडून घरात आणून उभं करतात. ते का, कुणी सांगत नाही."

"मग तू काय करतीस?"

"गाईड घेते."

"त्यांनीबी घ्यावं की मग."

मागच्या सीटवरचे एक आजोबा हसले. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे. मी हसले नाही, कारण मला खरंच पहिल्यांदा वाटलं की त्या झाडाबद्दल मी कधी कुणाकडे खुलासा मागितला नाही. न कळणं ही माझीच उणीव आहे असं मानून मी गाईड आणायला दुकानात गेले होते.

उदगीरला पुढची गाडी पाऊण तास आली नाही. गावात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते.

भागाक्कांचं घर रस्त्याच्या कडेलाच. दारात एक गाय बांधलेली, पांढरी, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळी. हिला वानेरा म्हणतात, मास्तरांनी सांगितलं, देवणी गायींतला एक प्रकार. गोष्टीत हा शब्द होता आणि मी नुसतंच 'गाय' केलं होतं. भागाक्का सत्तरीच्या, उंच, लुगड्याचा पदर कमरेला खोवलेला. मी कोण हे विचारायच्या आधी त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

"गफूर, ही कोण?"

"माझी गोष्ट इंग्रजीत करून राहिली."

"मंग लई शिकलेली असंल. बस बाय. घड्याळ काय बघतीस, भाकरी थापून राहिले मी."

जेवल्याशिवाय विषय काढता येईना. भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईचं कच्चं तेल. त्या घाईत माझा तेलाचा हात फाइलला लागला आणि अर्जाच्या कोपऱ्यावर डाग पडला. मी तो पदवीच्या कागदावर पडल्यासारखा पुसत बसले. पसरला.

शेवटी विचारलं. "आजी, सवारीला पाणी तुम्ही का घालता?"

"मंग कुणी घालावं?"

"तसं नाही. म्हणजे कारण काय?"

"सासू घालायची. तिचे गुडघे गेले. मंग मी."

"पण त्याच्या आधी कधी काही झालं होतं का? कुणी मदत केली, कुणाला वाचवलं, असं?"

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "काय इचारून राहिली ही?"

"तिकडच्या लोकांना कारण पाहिजे, अक्का."

भागाक्का माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. लहान मुलाला समजावतात तशा म्हणाल्या, "आत आलीस तवा मी तुला पाणी दिलं. का दिलं म्हणून इचारलंस का?"

"नाही."

"मंग?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "कुणाला कारण पाहिजे?"

त्यांचा मुलगा व्यंकट शेतातून आला होता. पस्तिशीचा, पायात चिखल. तो कधीपासून उभा होता ते माहीत नाही. मास्तर म्हणाले, "सांग त्याला. आठच्या आठ सांग."

दुसऱ्यांदा मी ती वाक्यं मराठीत सांगितली. या वेळी ज्या घराबद्दल ती होती त्या घरात बसून.

"माझ्या मामाला बळदात लपवलं?" व्यंकट म्हणाला. "कवा?"

"ते मी मनानं लिहिलं."

"आमच्या गावात असलं कवाच झालं न्हाई."

"हो."

"हो काय, ताई? तुम्ही लिहिलं तर झालं व्हतं म्हणतील. तिकडं बक्षीस मिळालं की हिकडं मोबाईलवर येईल. मंग पुढच्या मोहरमला ह्या गल्लीत सवारी येईल का, अन् आली तर नीट जाईल का, तुम्ही सांगा." त्यानं आवाज चढवला नाही. त्यामुळेच मला खाली बघावं लागलं. मग तो आईकडे वळला. "म्हणून म्हणतो, तू आता बंद कर ते पाणी. पोरं आधीच नावं ठेवून राहिलीत मला."

"मला कुणी काय म्हणत न्हाई," भागाक्का म्हणाल्या.

"तुला कोण म्हणंल? माझ्या तोंडावर म्हणतेत."

"मंग तोंड धुऊन घे. भाकरी वाढते."

तो धुवायला गेला नाही. तसाच उभा राहिला. वर फळीवर एक तांब्याची घागर पालथी ठेवलेली होती. ती मोहरमशिवाय खाली काढत नाहीत, हे गोष्टीत होतं. व्यंकट तिच्याकडे पाहत होता.

मला त्या वाचकाचा शेरा आठवला. जो तणाव त्याला हवा होता तो इथे दारात, चिखलाच्या पायांनी उभा होता. हे लिहिलं तर पुरस्कारवाल्यांना नक्की पटेल, असं माझ्या मनात आलं. हेसुद्धा मी लपवत नाही.

बाहेर पडल्यावर मास्तरांना ते बोलून दाखवलं. "मास्तर, हे तर खरं आहे."

"खरं हाय. पण माझ्या गोष्टीत न्हाई. ते व्यंकटचं हाय. त्यानं दिलं तर घे."

बारा चाळीस झाले होते. लातूरची गाडी गेली होती. माझं तोंड बघून व्यंकटनं मोटारसायकल काढली. आम्ही तिघं तिच्यावर, मध्ये मास्तर, मागे मी फाइल छातीशी धरून. मोठ्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत त्यानं आणून सोडलं. तिथं त्यानं एक जीप थांबवली, आम्हाला पुढची जागा करून दिली आणि खिडकीत वाकून म्हणाला, "आईचं नाव कुठं यायला नको."

"नाही येणार," मी म्हणाले. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं होतं असं मला वाटलं नाही.

लातूर, बुधवार, साडेचार

जीप प्रत्येक फाट्यावर थांबत आली. सरांचं ऑफिस गंजगोलाई बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. सर जिन्यातच उभे होते.

"सही?"

"आठ वाक्यं काढायचीत, सर."

त्यांनी आधी माझ्याकडे, मग मास्तरांकडे पाहिलं. चिडले नाहीत. खुर्चीवर बसले. म्हणाले, "मास्तर, मी पंधरा वर्षं आपल्या भागातली पुस्तकं काढतोय. पुण्याला पाठवली की ते म्हणतात भाषा अवघड आहे, मागे शब्दांचे अर्थ द्या. बाहेर पाठवली की म्हणतात कारण द्या. एकदा, एकदाच कुणीतरी आत जातंय. आत गेल्यावर खरं सांगू की. आठ वाक्यांचा प्रश्न आहे."

मला सरांची बाजू कळत होती. मला स्वतःलाही आत जायचं होतं. त्या पुस्तकावर मास्तरांच्या नावाखाली माझं नाव होतं. आमच्या घरातलं कुणाचंच नाव आजवर कशावर छापलेलं नाही, लग्नपत्रिका सोडून.

मास्तर म्हणाले, "सर, गिऱ्हाइकाच्या अंगात बसावं म्हणून मी कापड कापतो. पण आधी कापड गिऱ्हाइकाचं असावं लागतं. ही आठ वाक्यं माझी न्हाईत, भागाक्काची न्हाईत, अन् ह्या पोरीचीबी न्हाईत."

सरांनी संगणक माझ्याकडे फिरवला.

मी ती वाक्यं पुसली. आठ वाक्यं जायला एक क्षण लागला. पण पानावर एक चौकट होती, वाचकाच्या प्रश्नाचा खुलासा असं तिच्यावर लिहिलेलं, आणि ती रिकामी ठेवली तर अर्ज पुढेच जाईना. दोनदा प्रयत्न केला. लाल अक्षरं आली. पाच वाजून चौदा मिनिटं झाली होती.

"काहीतरी लिही," सर म्हणाले.

काहीतरी लिहूनच तर हे झालं होतं. मी हात मांडीवर ठेवून बसले. मग इंग्रजीत हळूहळू लिहिलं. त्याचं मराठी असं होतं: तुमचा प्रश्न मी या गोष्टीतल्यासारख्याच एका बाईंना विचारला. मी त्यांच्या घरात गेले तेव्हा त्यांनी आधी मला पाणी दिलं होतं. त्या म्हणाल्या, ते का दिलं म्हणून तू विचारलंस का. मी विचारलं नव्हतं.

सरांनी खांद्यावरून वाचलं. "हा खुलासा नाही, वर्षा."

"मला एवढंच माहीत आहे, सर."

छापील अर्जावरची आठ वाक्यंही मी पेनानं खोडली. मास्तरांनी सही केली, मराठीत, तेलाच्या डागाला वळसा घालून. सरांनी अर्ज स्कॅन केला. डाग पडद्यावर मोठा दिसत होता. बटण सरांनीच दाबलं. पाच सव्वीस.

नंतर खाली हॉटेलात आम्ही तिघांनी चहा घेतला. सरांनी मास्तरांना विचारलं, "नवीन काही लिहून राहिलात का?" त्यावरून मला कळलं की ते रागावलेले नाहीत, किंवा असले तरी पुस्तकं काढणं सोडणार नाहीत. त्या रात्री मी मुरुडला घरी गेले. आईला सगळं सांगितलं. आई मिरची कांडपाची गिरणी चालवते, तिच्या अंगाला कायम तिखटाचा वास असतो. ती म्हणाली, "एवढंच? एवढं न्हाई कळत त्यांना?" आणि मला जेवायला वाढलं.

नंतर

मे महिन्यात यादी आली. आमचं पुस्तक त्यात नव्हतं. सोबत एका ओळीचा शेरा होता: लेखकाकडून समाधानकारक खुलासा मिळाला नाही. ते वाचून मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले. बरोबर केलं असं वाटत असताना रडू येतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

मास्तरांना फोन केला. मशीनचा आवाज थांबला. "बरं," ते म्हणाले. "व्यंकटला कळव. त्याला धाकधूक असंल."

व्यंकटचा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. मी सांगितलं की यादीत नाव नाही, कुठंच काही छापून येणार नाही. मग मी विचारलं, त्या दिवशीचा प्रवास मराठीत लिहिला तर चालेल का. तुम्ही दारात बोललात तेसुद्धा.

"कोण वाचंल?"

"आपलीच माणसं."

"नावं बदला," तो म्हणाला. "बाकी हाय तसं लिव्हा."

मी फोन ठेवणार होते. तो म्हणाला, "ताई, मोहरम आलंय जवळ. आई तुम्हाला या म्हणतीय."

"त्या पाणी घालणार ना यंदा?"

"घागर खाली काढलीय," व्यंकट म्हणाला. "तिचे हात दुखतेत आता. मीच घासली."